ॲनिमल किंगडम लॉज – सव्हाना व्ह्यू घ्यावा का?

डिसेंबरमध्ये ऑरलँडोला जातोय, सोबत सासूसासरे आणि ५ वर्षांचं पिल्लू. डिस्नीच्या ॲनिमल किंगडम लॉजला राहायचं म्हणतोय पण सव्हाना व्ह्यू (म्हणजे बाल्कनीतून प्राण्यांचं कुरण दिसणाऱ्या) रूमचे भाव बघून घाम फुटला. खरंच बाल्कनीतून जिराफ दिसतात की नुसती जाहिरात?

खादाड_बोका: दिसतात हो! आम्ही सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन बाल्कनीत आलो तर खाली जिराफ पाला ओरबाडतोय, त्याची काळी जीभ सुद्धा दिसत होती, लेक दात घासायचंच विसरली. फक्त सिंह-हत्ती शोधू नका, ते ॲनिमल किंगडम पार्कात आहेत, इथे लॉजवर झेब्रे, हरणं आणि ती भल्यामोठ्या शिंगांची आंकोले गुरं.

टेक्सासची_माई: पैसे वाचवायचे तर साधी रूम घ्या आणि लॉजच्या जांबो हाऊस इमारतीच्या मागे सगळ्यांसाठी प्राणी बघायची जागा आहे तिथे जाऊन बसा. पण सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर बाल्कनीच बरी, हे मी अनुभवाने सांगतेय 😄 आणि पार्कांना जायला मोनोरेल नाही हं तिथे, सगळीकडे बसने.

खादाड_बोका: राहिलंच की, लॉजच्याच किदानी इमारतीतल्या ‘सना’ रेस्टॉरंटमध्ये ब्रेड सर्व्हिस मागवा. नान आणि बाजूला चटण्या-रायत्याच्या वाट्या, खिडकीबाहेर झेब्रे. सासरे खूश.

माई, गुडघ्यांचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला, सव्हाना व्ह्यू बुक झाला 🙈