शर्यतीआधी ३ दिवस घोडा पहाऱ्यात ठेवायला हरकत काय?

टापटीप:
बरेच दिवस डोक्यात आहे, लिहूनच टाकतो. औषध देऊन घोडा पळवणाऱ्याला आपण पकडतो तो निकालानंतर. तोवर पैजांचे पैसे वाटून झालेले असतात. २०२१ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली मोठी शर्यत, मेडिना स्पिरिट या घोड्याने मारली. ती त्याच्या नावावरून काढायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं, आणि घोडा बिचारा डिसेंबरातच मेला होता. दुसऱ्या नंबरचा घोडा जिंकेल म्हणून पैसे लावलेल्याला काय मिळालं? शून्य.

म्हणून म्हणतो, मोठ्या शर्यतीतले सगळे घोडे ७२ तास आधी एका पागेत आणा. दारावर पहारा, आत कॅमेरे, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती, चंदी तपासून आत, आणि सुई फक्त नेमून दिलेल्या डॉक्टरच्या हातात. अमेरिकेतल्याच बेलमाँट स्टेक्स शर्यतीला २०१२मध्ये असंच केलं होतं. शर्यत शनिवारी, घोडे बुधवारी दुपारपर्यंत पागेत. जमलं ना?

खरारा:
जमलं, पण ट्रेनर लोकांनी केवढी बोंब मारली तेही सांगा की. आणि ती सगळी बोंब काही चोरांची नव्हती. घोडा कळपातला प्राणी. ठाण बदललं, शेजारी बदलला, की काही घोडे चंदीला तोंड लावत नाहीत, रात्रभर जागच्या जागी फेऱ्या मारतात. म्हणजे तुमच्या बंदोबस्ताने प्रामाणिक माणसाचाच घोडा निम्मा पडणार.

दुसरं म्हणजे ७२ तास पहारा देऊन पकडणार काय? ईपीओ हे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध काही दिवसांत सापडेनासं होतं, पण त्याने वाढलेल्या पेशी कितीतरी आठवडे टिकतात. स्टेरॉइडचं काम तर सरावाच्या काळातच उरकलेलं असतं. २०१३मध्ये इंग्लंडात न्यूमार्केटला महमूद अल झरूनी हा ट्रेनर सापडला तो कुठल्या पहाऱ्यात? तपासनीस अचानक पागेत गेले, ४५ घोड्यांचे नमुने घेतले, त्यातल्या ११ घोड्यांत स्टेरॉइड निघालं. माणूस ८ वर्षं बाद. पैसा खर्चायचाच तर अशा अवचित धाडींवर खर्चा.

रिकामटेकडा:
खरारा, अर्धंच बरोबर. नळीचा प्रकार विसरलात. खायचा सोडा नि साखर पाण्यात कालवून नाकातून नळीने पोटात सोडतात, रक्तातलं आम्ल मारलं जातं, घोडा उशिरा दमतो अशी समजूत. (साध्या सोड्यासाठी एवढा खटाटोप!) हे काम शर्यतीच्या काही तास आधीच करावं लागतं, त्यामुळे पहारा असला की बंदच.

शिवाय औषध जिंकायलाच देतात असं थोडंच आहे? १९९०मध्ये इंग्लंडात डाँकास्टरला ब्रेव्हफूट आणि नॉरिच या दोन घोड्यांना एसीपी नावाचं गुंगीचं औषध दिलेलं निघालं. पैसा होता तो त्यांच्या हरण्यात. तिथे ट्रेनर चोर नव्हताच, त्याच्याच घोड्याला राखण हवी होती.

शंकेखोर:
मला भीती वेगळीच. तपासणी इतकी बारीक झाली आहे की चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची वेळ आली. मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथासोन हे सूज उतरवणारं औषध होतं मिलिलीटरला २१ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. ट्रेनरच्या बाजूने सांगितलं की ते त्वचेच्या मलमातून गेलं. नियमाने ते औषध शर्यतीच्या दिवशी अंगात नको म्हणजे नको, हे मान्य. पण २०१४चं ॲस्कॉट गोल्ड कप आठवा. दस्तुरखुद्द इंग्लंडच्या राणीची घोडी एस्टिमेट दुसरी आली आणि तिच्यात मॉर्फिन निघालं. कशातून, तर बाधित खाद्यातून! तरी बाद झालीच. ७२ काय, ७०० तास पहारा ठेवा, पोतंच खराब असेल तर पहारेकरी काय हुंगून ओळखणार?

टापटीप:
शंकेखोर, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. चंदी एकाच ठिकाणाहून, तपासून दिली, तर ट्रेनरच्या मानेवरचा सुरा निघतो. आज अंगात काही सापडलं की आधी जबाबदार तोच, मग कुणीही दिलेलं असो.

पागेतला:
काही वर्षं पागेत काढली आहेत म्हणून बोलतो. कॅमेरा दारावर असतो, डॉक्टरची पेटी त्याच्यासमोरून ताठ मानेने आत जाते. पहारेकरी ओळखीचा झाला की वहीतली सही दुसऱ्या दिवशी होते, हे डोळ्यांनी पाहिलंय. कुंपणच शेत खातं तिथे कुंपण उंच करून काय उपयोग? अमेरिकेत मार्च २०२०मध्ये दोन डझनाहून जास्त लोकांवर खटले भरले, त्यात ट्रेनर होते तसे पशुवैद्यही होते. त्यातल्या जॉर्ज नवारो या ट्रेनरला ५ वर्षं, जेसन सर्व्हिस या ट्रेनरला ४ वर्षं कैद झाली. सापडले कशामुळे? फोनवरचं बोलणं ऐकल्यामुळे! त्यांची औषधं तपासणीला हुलकावणी देण्यासाठीच बनवलेली होती.

मला पटतं ते हाँगकाँगचं. घोडे शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या पागेत, डॉक्टर क्लबच्या पगारावर. ज्याच्या हातात सुई त्याचा पगार ट्रेनरच्या खिशातून येत नाही. पहाऱ्याचं नंतर बघू, आधी हे करा.

खरारा:
पागेतला, शंभर टक्के. पण तिथे सगळी पागाच एका छत्राखाली आहे. जिथे ट्रेनर आपापल्या गावी दहा दिशांना पसरलेत तिथे कसं करणार?

टापटीप:
बरं, ७२ तासांचा हट्ट सोडतो. नळी आणि गुंगी थांबवायला २४ तास पुरे आहेत, आधीच्या आठवड्यांसाठी खराराच्या धाडी. आता तरी होय म्हणा.

खरारा:
२४ तास चालतील, एका अटीवर. शेजारच्या ठाणात त्याचा रोजचा सोबती घोडा आणि दाराशी त्याचाच मोतद्दार हवा. मोतद्दाराची हवी तेवढी झडती घ्या.

पागेतला:
आणि डॉक्टरची पेटीही उघडा.