पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर स्पार्क प्लगचा गॅप वाढवावा का?

प्रश्न
नमस्कार. माझ्या बोटीतील चार सिलिंडरच्या पेट्रोल इनबोर्ड इंजिनाचे पॉइंट्स (कॉइलचा प्रवाह तोडणारा यांत्रिक स्विच) आणि कंडेन्सर काढून मी डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला क्रमाने वीज पोचवणाऱ्या भागात) बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावले आहे. ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी कॉइल मात्र जुनीच आहे. मूळ पुस्तिकेत प्लगचा गॅप (दोन इलेक्ट्रोडमधले अंतर) ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिमी, दिलेला आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर गॅप वाढवायचा असतो असे वाचून मी तो ०.०४५ इंच केला. आयडलिंग सुरळीत आहे, पण पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन अडखळते. गॅप किती ठेवावा आणि तो कशावरून ठरवावा?

उत्तर १
आपण बदलला आहे तो फक्त स्विच. ठिणगीची ताकद कॉइलमधून येते आणि ती कॉइल पॉइंट्सच्या काळातलीच आहे. गॅप जितका मोठा आणि सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितके ठिणगी उडण्यासाठी लागणारे व्होल्टेज अधिक असते. आयडलवर थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने दाब कमी असतो, म्हणून मोठा गॅपही निभावून जातो. पूर्ण थ्रॉटलवर सिलिंडर भरून येतो आणि नेमक्या त्याच वेळी कॉइल अपुरी पडते.

मोटारगाड्यांचे आकडे बोटीला लावू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीच्या इंजिनावर फारसा भार नसतो, पण बोटीचे इंजिन सतत पाणी रेटत असते, म्हणजे जणू न संपणारा घाट चढत असते. शिवाय इलेक्ट्रोड झिजून गॅप आपोआप वाढतच जातो, त्यामुळे सुरुवातीलाच कमाल मर्यादा गाठली तर पुढे वाव उरत नाही. आधी ०.०२५ इंचावर परत या. मॉड्यूलच्या निर्मात्याने सुचवलेली जास्त ताकदीची कॉइल लावली, तरच ०.०३० ते ०.०३५ इंचापर्यंत जाऊन पाहा, आणि तेही त्याच्या सूचनांमध्ये बसत असेल तर.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात एक महत्त्वाची भर घालतो. प्लगमध्ये वाट न मिळालेले व्होल्टेज दुसरीकडे वाट शोधते, आणि खाऱ्या, दमट हवेत डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर किंवा प्लग वायर यांच्या पृष्ठभागावर ती सहज मिळते. त्यामुळे कॅप उघडून आतली बाजू प्रकाशात नीट तपासा. प्लग वायर साध्या तांब्याच्या असतील तर त्या बदला, कारण त्यांच्या विद्युत गोंगाटाने मॉड्यूल बिघडू शकते. झिजलेल्या इलेक्ट्रोडवर चपटे फीलर गेज गॅप प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते, म्हणून तारेचे गेज वापरा, आणि वाकवायचा तो बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्याला हात लावू नका. वायर काढून उघड्यावर ठिणगी पाहण्याची सवय असेल तर इंजिन कप्प्यात ती कृपया सोडा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून राहते. याच कारणासाठी डिस्ट्रिब्युटरचे भागही मोटारीचे न घेता मरीन प्रतीचेच घ्यावेत.

उत्तर ३
आउटबोर्डवाल्यांसाठी (बोटीच्या मागे बाहेर लावलेले इंजिन) थोडेसे: सीडीआय (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर ठिणगी देणाऱ्या) इग्निशनच्या काही टू-स्ट्रोक इंजिनांत सरफेस गॅप प्लग असतात. त्यांना वाकवण्याजोगा बाजूचा इलेक्ट्रोडच नसतो, त्यामुळे गॅप लावण्याचा प्रश्न येत नाही. झिजले की बदलायचे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. गॅप ०.०२५ इंच केल्यावर अडखळणे बरेच कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. कॅपच्या आत दोन टर्मिनलांच्या मध्ये केसासारखी बारीक काळी रेघ दिसते. ती घासून काढली तर चालेल का?

उत्तर २
नाही. ती कार्बनची वाट आहे आणि घासल्यावरही प्लास्टिकमध्ये तिचा अंश उरतो. कॅप आणि रोटर दोन्ही नवे घाला, आणि त्यानंतर गॅपला हात न लावता पूर्ण थ्रॉटलवर पुन्हा चाचणी घ्या.