मार्को पोलो चीनला गेलाच नव्हता? भिंत, मीठ आणि ठाण्याचे घोडे

शिलालेख
'मार्को पोलो चीनला गेलाच नव्हता, काळ्या समुद्राकाठी बसून ऐकीव गोष्टी जमवल्या' ही पोस्ट पुन्हा फिरतेय. पुरावा काय, तर त्याच्या वर्णनात चिनी भिंत नाही, चहा नाही. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

फोटोत दिसते ती विटांची भिंत मिंग घराण्याच्या काळातली, १३६८ नंतरची. पोलो पोचला १२७५ ला. तेव्हा भिंतीच्या जागेच्या दोन्ही अंगांना मंगोल सम्राट कुब्लाई खानाचंच राज्य होतं. मातीच्या ढासळलेल्या बांधांची दखल कोण घेणार?

आणि जे लिहिलंय ते वाचा की. चीनच्या पश्चिमेकडच्या लोपच्या वाळवंटात शिरण्याआधी गावात आठवडाभर मुक्काम, मग माणसांना नि जनावरांना महिनाभर पुरेल एवढा शिधा. पाणी रोजच्या टप्प्यावर मिळतं, पण पन्नास-शंभर माणसांपुरतंच, त्यामुळे त्याहून मोठा तांडा नेता येत नाही. झोपण्याआधी उद्याच्या दिशेची खूण रोवायची. जनावरांच्या गळ्यात घंटा बांधायच्या, कारण मागे राहिलेल्याला हाका ऐकू येतात आणि तो भलतीकडे जातो.

उलटतपासणी
हे कुठल्याही इराणी व्यापाऱ्याकडून कळलं असतं. श्यांगयांग या चिनी शहराच्या वेढ्याचं बोला. मार्को, त्याचा बाप नि काका यांनी दगड फेकणारी यंत्रं करवून शहर पाडलं म्हणे. शहर पडलं १२७३ ला, म्हणजे हे पोचायच्या दोन वर्षं आधी. यंत्रं बांधणारे इस्माईल आणि अलाउद्दीन, चिनी इतिहासात नोंद आहे. यांगझौ शहराचा तीन वर्षं कारभार पाहिल्याचा दावा आहे, तिथल्या कागदांत याचं नाव नाही.

मिठागर
श्यांगयांग ही थाप आहे, मान्य. १२९८ ला जेनोवाच्या तुरुंगात ज्याने हे लिहून घेतलं तो रुस्तिचेल्लो शूर सरदारांच्या कथा रचणारा. तिखटमीठ त्यानेच लावलं असणार.

पण नोटांचा भाग बघा. तुतीच्या सालीखालचा पातळ पापुद्रा कुटून काळसर कागद करायचा, लहानमोठे आयत कापायचे, वर शेंदरी शिक्का मारायचा. जीर्ण नोट बदलायला ३ टक्के कापणार. उत्तर चीनमधल्या चांगलूला खारट मातीचे ढीग घालून त्यांवर पाणी ओततात आणि निथळलेलं पाणी लोखंडी कढयांत आटवतात. युन्नानमध्ये मात्र कवड्या चालतात. मुलुखागणिक बदलणारं हे चलन आणि हे मीठ कुब्लाईच्या युआन घराण्याच्या काळच्या कागदपत्रांशी जुळतं. चहा नाही म्हणून रडणाऱ्यांनी मीठ वाचावं.

श्रीस्थानक
चीनचं ठेवा बाजूला, ठाण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. राजा चाच्यांना सामील: लुटीतले घोडे राजाचे, बाकी सोनं-रत्नं चाच्यांची. वर हा राजा कुणाचा मांडलिक नाही! उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर १२६५ च्या सुमारास महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. पोलो परतताना इकडून गेला तेव्हा उत्तर कोकण देवगिरीच्या रामचंद्राकडे होतं. तरी त्याच्या भरवशावर ठाणं म्हणजे चाच्यांचं बंदर असं छापत राहतात. तिथून जाणारं कातडं, सुती कापड त्यानेच नोंदवलंय, ते कुणी सांगत नाही.

दर्यावर्दी
राजा चुकला असेल, घोडे चुकलेले नाहीत. तामिळ किनाऱ्यावरचे पाच राजे दरसाल प्रत्येकी दोन हजारांवर घोडे घेत, असं तो सांगतो. वर्षाअखेर शंभरही उरत नसत. नालबंद नाहीत, खायला मांस घालून शिजवलेला भात. मागणी संपायची कशी?

इराणच्या आखातावरच्या होर्मुझ बंदराची जहाजं तर बघवत नव्हती. लाकडाला खिळा मारला की ते फुटतं, म्हणून फळ्या काथ्याने शिवलेल्या. तळाला डांबर नाही, माशाचं तेल फासलेलं. एक डोलकाठी, वर डेक नाही, मालावर कातडी पसरून त्यावर घोडे उभे. अशी पुष्कळ बुडत. पोलो मंडळी होर्मुझहून मागे फिरून पामीरच्या वाटेला लागली ती बहुधा यामुळेच. इतक्या हालांनी आलेला घोडा किनाऱ्यावर फुकट मिळत असेल, तर बंदराचा अधिकारी लुटीकडे काणाडोळा करणारच.

श्रीस्थानक
'करणारच' हा पुरावा झाला? बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर आरमारी लढाई कोरलीय, वल्हेकऱ्यांच्या रांगांसकट. ते राजांचं आरमार होतं. आपल्याच किनाऱ्याला चोर ठरवायची एवढी घाई कशाला?

दर्यावर्दी
चोर कुणी म्हटलं? शब्द तोंडात कोंबू नका. वीरगळ लढाईचे आहेत, घोड्यांच्या व्यापाराबद्दल त्यांत अक्षर नाही.

उलटतपासणी
म्हणजे ठाणं ऐकीव हे तुम्हालाही पटतंय. मग चीन का नाही?

शिलालेख
कोकाचिन या मंगोल राजकन्येमुळे! पोलो परतला तो तिला समुद्रमार्गे इराणला नेणाऱ्यांबरोबर. तिला नेणारे तीन दूत: उलाताई, आपुश्का, कोजा. तिन्ही नावं पोलो देतो. इराणी इतिहासकार रशीदुद्दीनकडे फक्त कोजा आहे. १२९० च्या एका चिनी कागदात, दूतांच्या माणसांच्या शिध्याबद्दल, तीच तिन्ही नावं आहेत. त्या कागदाकडे लक्ष गेलं १९४१ ला. काळ्या समुद्राकाठी हे कोण सांगणार होतं?

उलटतपासणी
त्या कागदात पोलो कुठे आहे? बरं, नावं ऐकीव नाहीत एवढं मानतो. त्या जहाजांवर तो असेल. सतरा वर्षं खानाचा बडा अधिकारी होता, हे मात्र मानणार नाही.

श्रीस्थानक
ठाण्याचेच ताम्रपट आहेत. शके ११९४ मध्ये अच्युत नायक, शके १२१२ मध्ये कृष्णदेव, दोघेही रामचंद्राचे कारभारी. 'स्वतंत्र राजा' कुठे दिसतो ते दाखवा.

दर्यावर्दी
शके १२१२ म्हणजे इसवी १२९०, पोलो जाण्याच्या जेमतेम आधी. मग घोडे कृष्णदेवाच्या माणसांनी घेतले असतील. राजा नव्हता, हे तुमचं खरं. घोड्यांचं मी सोडत नाही.