अमेरिकेतले ग्रामीण लॅटिनो शेतमजूर आणि मानसोपचार: लहान आरोग्य केंद्राने सुरुवात कुठून करावी?

मीरा_आरोग्य: कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यातल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी आराखडा करायचा आहे. रुग्ण बहुतेक मेक्सिको-ग्वाटेमालातून आलेले शेतमजूर. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा, तोही व्हिडिओवर. चिठ्ठी दिली तरी लोक त्या भेटीला येत नाहीत. पैसा, भाषा, भीती यांपैकी आधी कशाला हात घालायचा?

निशिगंध: आधी चिठ्ठी देऊन पाठवणं थांबवा. वेगळ्या दिवशी यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. माणूस पाठदुखी किंवा मधुमेहासाठी आलाय, तेव्हाच डॉक्टरांनी समुपदेशकाला खोलीत बोलावून ओळख करून द्यावी. पाच मिनिटं पुरतात.

तपासणीसाठी पीएचक्यू-9 (नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) ची स्पॅनिश प्रत मोफत मिळते. कागद हातात देऊ नका, प्रश्न वाचून दाखवा. अनेकांना वाचणं जड जातं आणि ते अंदाजाने खुणा करतात. बेरीज 0 ते 27; 10 किंवा जास्त आली की उपचाराचं बोलायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 1 जरी आला तरी बेरीज न बघता त्याच दिवशी नीट चौकशी करा, आणि नवरा, मुलं किंवा मुकादम बाहेर असतानाच. त्यांच्यासमोर उत्तर शून्यच येतं. 988 या आत्महत्या व मानसिक संकटाच्या मदतवाहिनीवर फोन लावून 2 दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलता येतं, हे प्रत्येकाला सांगा.

भीतीवर उपाय म्हणजे प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतल्या आरोग्यसेविका. त्यांना पगार द्या. फुकट राबवल्या तर त्या टिकत नाहीत आणि त्यांच्यासोबत लोकांचा विश्वासही जातो.

दुभाषी_कट्टा: "स्पॅनिश येतं का?" याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "घरी काय बोलता?" विचारा. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या लोकांची मिश्तेको किंवा सापोतेको असेल, ग्वाटेमालाच्या लोकांची माम. मिश्तेकोच्या बोली एकमेकींना कळतीलच असं नाही, म्हणून दुभाषी मागवताना गावाचं नावही द्या. मुलांकडून भाषांतर करून घेऊ नका. तातडीचा प्रसंग सोडला तर केंद्रीय नियमांनाही ते मान्य नाही. आणि आईचं दुःख दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकणं दोघांवरही अन्याय आहे.

हिशेबनीस: पैशाचं थोडक्यात. उत्पन्न दारिद्र्यरेषेइतकं किंवा खाली असेल तर केंद्राच्या शुल्कात पूर्ण सवलत (फार तर नाममात्र शुल्क), त्या रेषेच्या 200 टक्क्यांपर्यंत अंशतः. कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची मेडी-कॅलमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्यविमा) नवी पूर्ण नोंदणी जानेवारी 2026 पासून बंद आहे, त्यामुळे ज्यांची आधीच आहे त्यांचं नूतनीकरण चुकू देऊ नका. स्थलांतराचा दर्जा केसपेपरवर लिहू नका.

रानवाट: व्हिडिओ भेटीत दोन अडचणी येतात. एका खोलीत सहा जण राहत असतील तर बोलणार कुठे? उभ्या गाडीत बसून साधा फोन चालतो, त्याला इंटरनेटही लागत नाही. दुसरी अडचण परवान्याची. मजूर चेरीच्या हंगामाला वॉशिंग्टनला गेला की कॅलिफोर्नियाच्या समुपदेशकाला सहसा तिथे उपचार चालू ठेवता येत नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत "पुढे कुठे, कधी जाणार?" हे नोंदवा. निघायच्या आधी डॉक्टरांना योग्य वाटलं तर औषध 90 दिवसांचं द्या. नैराश्याची गोळी अचानक सुटली तर चक्कर आणि चिडचिड सुरू होते, आणि माणूस औषधालाच दोष देतो. पुढच्या केंद्राशी जोडून द्यायला मायग्रंट क्लिनिशियन्स नेटवर्कची 'हेल्थ नेटवर्क' सेवा आहे, रुग्णाला मोफत.