बॅकलॅश : लेथवरचा आणि बातमीतला

प्रश्न : इंग्रजी बातमीत ‘स्कूल फेसेस बॅकलॅश ओव्हर फी हाइक’ असं आहे. ‘फीवाढीवर टीका’ एवढ्यानं भागेल का? आणि उद्यमनगरात लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) म्हणतात तो बॅकलॅश हाच का?

– हाच. शब्द मुळात यंत्रातलाच. लेथवर कातणारं टूल पुढं-मागं सरकवणारा भाग म्हणजे क्रॉस स्लाइड. तिचा स्क्रू आणि नट यांच्या आट्यांत मोकळीक असते, तोच बॅकलॅश. हँडल उलट फिरवलं की डायल सरकते, टूल मात्र जागचं हलत नाही. म्हणून मापाच्या पुढं गेलात तर डायलवरची तेवढीच घरं मागं घेऊन उपयोग नाही; एक आटा मागं या आणि पुन्हा पुढं येत मापावर थांबा. नट झिजला की बॅकलॅश वाढतो. गिअरमध्ये तर थोडा मुद्दाम ठेवतात, नाहीतर तेलाला जागा उरत नाही आणि तापल्यावर दाते आवळतात.

– पण मोकळीक म्हणजे काहीच न हलणं. लोकांच्या रागाला हा शब्द कसा काय?

– मोकळीक संपते तिथं दाता दात्यावर आपटतो, तो हिसका बघा. १९६०च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांना गोऱ्यांतून विरोध उसळला, त्याला ‘व्हाइट बॅकलॅश’ म्हणायला लागले आणि शब्द राजकारणात रुळला. आधी कुणीतरी पाऊल टाकलेलं पाहिजे आणि मग जोर उलट्या दिशेनं आला पाहिजे. सिनेमा पडला, लोकांनी नावं ठेवली, तर ती नुसती टीका.

– ‘आउटक्राय’ चालेल की मग.

– फीवाढीला चालेल. पण ती ओरड. लगेच ऐकू येते. बॅकलॅश तोंडातून शब्द न काढता थेट मतपेटीतही दिसतो. (‘ओपन आउटक्राय’ वेगळंच प्रकरण : ओरडून बोली लावायची पद्धत. मुंबई शेअर बाजारात १९९५ला संगणक येईपर्यंत तीच होती.)

वापरताना : ज्याच्याविरुद्ध त्याला ‘अगेन्स्ट’, ज्यांच्याकडून त्यांना ‘फ्रॉम’, कारणाला ‘ओव्हर’. अनेकवचन सहसा करत नाहीत.

मराठीत नाम शोधत बसू नका. ‘बॅकलॅशला सामोरं जावं लागलं’ हे मराठीच नव्हे. ‘फीवाढ शाळेच्या अंगलट आली’ म्हणा. ‘पडसाद उमटले’ गुळमुळीत आहे, पडसाद चांगलेही असतात.

– ‘अंगलट’ला एक अट घाला. शाळेला खरंच झळ बसली असेल तरच ते. फी तशीच राहिली आणि नुसता संताप झाला असेल, तर ‘फीवाढीवरून पालक खवळले’.