मदत हवी आहे: बाबांनी रेडिओवरून टेप केलेली कुमारांची कॅसेट, गाण्याची पट्टी चढलीये आणि एक 'अहा' वाचवायचाय

नमस्कार मंडळी, जुन्या कॅसेट घरी स्वतः डिजिटाइज केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय मला त्यातलं नेमकं काय हवंय ते कळणार नाही.

एक सी-९० कॅसेट आहे. लेबलवर बाबांच्या अक्षरात निळ्या बॉलपेनने 'कुमार, रेडिओ' एवढंच, तारीख वगैरे नाही. कुमार गंधर्वांचं गाणं रात्री रेडिओवर लागलं होतं, घरी रेडिओ वेगळा आणि टेपरेकॉर्डर वेगळा, दोन्ही जोडायची वायर नव्हती, मग बाबांनी टेप सरळ रेडिओच्या स्पीकरसमोर ठेवला आणि त्याच्या आतल्या माईकवरच रेकॉर्ड केलं. त्यामुळे गाण्याबरोबर आमची खोलीपण त्यात आलीये. खुर्ची सरकते, आई दार हळूच लोटून घेते, आणि साधारण अकराव्या मिनिटाला कुमार वरच्या षड्जाला नुसता हात लावून खाली येतात तिथे बाबांचं 'अहा'. मोठ्याने नाही, श्वास सोडता सोडता निघून गेलेलं.

माझं कुमारवेड याच कॅसेटपासूनचं. सहा-सात वर्षांची असेन. एक तुकडा कुठून तरी फेकल्यासारखा यायचा आणि मग एकदम शांत, फक्त तानपुरे, मला वाटायचं टेप अडकली, मी उठून बघायला जायचे तर बाबा नुसता हात वर करून थांबवायचे. नंतर कधीतरी त्यांनीच सांगितलं की कुमारांना ऐन उमेदीत टीबी झाला, जानेवारी १९४८ मधे हवेसाठी म्हणून देवासला गेले ते तिथलेच झाले, पाचेक वर्षं गाणं बंद, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर पडणारी माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्यात मुरत गेली. एका फुप्फुसावर गायचे म्हणून तुकडे छोटे असं बरेच जण सांगतात, असेलही, पण मला ते अर्धंच खरं वाटतं. स्वर सोडल्यावर तो तानपुऱ्यात मिसळून जाईपर्यंत ते थांबतात, त्याला वेळ देतात, आणि ते थांबणंसुद्धा गाणंच आहे. हे मला कुणी शिकवलं नाही, बाबांच्या वर केलेल्या हाताने शिकवलं. पहिल्या बाजूच्या शेवटी एक निर्गुणी भजन आहे ते अर्ध्या शब्दावर तुटतं, टक, फीत संपली. पुढे तेच भजन पूर्ण ऐकायला मिळालं तरी माझा कान अजून त्या शब्दाशी जरा बिचकतो.

तर आता अडचण. मागच्या वर्षी कॅसेट एकांकडे डिजिटाइज करायला दिली (नाव घेत नाही, त्यांनी मनापासूनच केलं असेल). एमपीथ्री आली ती फार 'स्वच्छ' करून. खरखर गेली, तिच्याबरोबर तानपुरेपण गेले, कुमारांच्या स्वराची शेपटी पाण्याखालून आल्यासारखी, आणि अकराव्या मिनिटाला नुसतीच पोकळी. 'अहा' नाहीच. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत, कानाला मशीन आहे, तरी दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "पट्टी चढलीये गं, हे कुमार नव्हेत." मला तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं की खटकतंय ते काय.

मूळ कॅसेट सुखरूप परत आली. आता मीच करायचं ठरवलंय. ओळखीतल्या एकांनी चांगला डेक वापरायला दिलाय, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं, दुसऱ्या एका बिनकामाच्या कॅसेटवर आधी हात बसवला. आमच्या कॅसेटमधली फेल्टची ती छोटीशी गादी असते ना, फितीला हेडवर दाबून धरणारी, ती गोंद वाळून सुटून पडली होती. नशिबाने कवचाला पाच स्क्रू आहेत, चिकटवलेलं नाही, म्हणून दोन्ही रिळं जशीच्या तशी उचलून दुसऱ्या कवचात बसवली. रेकॉर्ड व्हायला नको म्हणून मागचे दोन्ही टॅब तोडलेत. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवलंय कारण बाबांच्या टेपरेकॉर्डरला ते नव्हतंच. कंप्युटरवर ऑडॅसिटीत २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल घेतेय. इथपर्यंत काही चुकलं असेल तर तेपण सांगा.

पहिली गोष्ट, आवाज अजून दबलेला येतो, तोंडावर पांघरूण घेतल्यासारखा. दुसऱ्या कॅसेट याच डेकवर छान वाजतात. मला वाटतं बाबांच्या टेपचं हेड तिरकं होतं आणि ॲझिमथ (म्हणजे फितीशी हेडचा कोन) या फितीपुरता जुळवावा लागेल. मोनो करून, हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत तानपुऱ्याची जवारी (तारेचा तो झंकार) सगळ्यात झणझणीत वाजेल तिथे थांबायचं, हे बरोबर का? आणि डेक दुसऱ्याचा आहे, स्क्रू नंतर जागेवर आणायचा कसा? खूण करून ठेवली तर पुरतं का?

दुसरी गोष्ट पट्टीची, आणि इथे मी खरी अडलेय. बाबांचा टेप हळू फिरत असणार, कारण लहानपणी त्याच टेपवर वाजवायचो तेव्हा सगळं बरोबर लागायचं, आता नीट ४.७६ सेंटिमीटरने फिरणाऱ्या डेकवर चढतं. तो टेप केव्हाच मोडीत गेला. स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचं चित्र) काढून बघितला तर खाली विजेच्या हमच्या, म्हणजे त्या बारीक घुंईऽऽ आवाजाच्या, दोन रेषा शेजारी शेजारी दिसतात, एक ५० हर्ट्झला, ती या डेकची, आणि दुसरी ५३ च्या आसपास, ती फितीत रेकॉर्ड झालेली. म्हणजे ६ टक्के जास्त, जवळजवळ एक पट्टी. चेंज पिच न वापरता चेंज स्पीडने तेवढं खाली आणलं (पिचने लय तशीच पळती राहिली असती) आणि 'अहा' लावलं, तर तो अचानक बाबांचा आवाज झाला. आत्ताचा नाही, तेव्हाचा. मी हेडफोन काढून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पण मूळ हम नक्की ५० च होता हे कशावरून? पूर्वी विजेची फ्रिक्वेन्सी बरीच खाली जायची ना, तसं त्या रात्री असेल तर माझा सगळा हिशोब चुकतो. आणि ती ५३ ची रेष बाजूच्या शेवटाकडे किंचित वर सरकते, म्हणजे टेप आणखी हळू होत गेला असावा. तर सगळ्याला एकच आकडा लावू, की तुकड्या-तुकड्याने दुरुस्त करू? तुकडे केले तर जोडावर स्वर हलल्यासारखा वाटेल अशी भीती वाटते.

तिसरी गोष्ट खरखर. बाबा म्हणतात, "माझं ते मधलं काढून टाक, गाण्यात तोंड घातलंय मी." त्यांना मनापासून लाज वाटते त्याची. मला ते काढायचं नाही. मूळ फाईल तशीच ठेवणार आहे, पण त्यांना ऐकायला एक सौम्य प्रत करायची आहे, ज्यात खरखर थोडीच कमी होईल पण जवारी आणि तो श्वास शाबूत राहील. नॉइज रिडक्शनला किती डेसिबलपर्यंत जाणं सुरक्षित, आणि खरखरीचा नमुना कुठून घ्यायचा, गाणं सुरू व्हायच्या आधी जेमतेम दीड सेकंद मोकळी जागा आहे, तेवढी चालेल का? कानाच्या मशीनमधून संगीत ऐकणारं कुणी घरात असेल तर तेपण सांगा, मशीन काढून हेडफोन बरा की मशीनमधेच संगीतासाठी वेगळं सेटिंग करून मिळतं?

स्क्रूला अजून हात लावलेला नाही. रविवारी सकाळी लावायचा विचार आहे, त्याआधी कुणी अनुभवी माणसाने हो-नाही सांगितलं तर फार बरं होईल.