आइसमेकरची जोडणी: गच्चीवरच्या टाकीचा दाब पुरेल का?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. आमचे घर तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असून पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. नव्या फ्रिजमध्ये आइसमेकर आहे आणि त्याच्या पुस्तिकेत पाण्याचा दाब किमान २० पीएसआय असावा, असे म्हटले आहे. जोडणी टाकीच्या नळावरून घ्यावी, आरओवरून घ्यावी, की महापालिकेच्या नळावरून थेट घ्यावी?

उत्तर: विजापूर रोड
महापालिकेचा नळ आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आइसमेकरला मात्र ते चोवीस तास लागते.

आता टाकीचे गणित पाहू. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार, म्हणजे १४ पीएसआय दाब मिळतो; तुमच्या टाकीतली पातळी फ्रिजपासून सहा-सात मीटर वर असेल, तर हाती नऊ-दहा पीएसआयच येतील. याचा परिणाम केवळ बर्फ लहान किंवा पोकळ होण्यापुरता नसतो. फ्रिजमागचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा पाण्याचा कॉक) घट्ट बंद होण्यासाठीही पाण्याच्या दाबाचीच मदत घेतो, त्यामुळे दाब कमी असल्यास तो थेंब थेंब गळत राहतो, ते पाणी ट्रेमध्ये साचते आणि सगळ्या बर्फाचा एकच गठ्ठा होतो. असा व्हॉल्व्ह बदलून उपयोग होत नाही, कारण दोष त्याचा नसतो.

उत्तर: होटगी रोड
वरील हिशेबाशी सहमत आहे. आरओच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी: भिंतीवरच्या घरगुती आरओची साठवण टाकी बिनदाबाची असते, म्हणून तिच्या नळावरून थेट नळी ओढल्यास दाब गच्चीवरच्या टाकीपेक्षाही कमी मिळेल. मध्ये प्रेशर स्विच असलेला छोटा पंप बसवावा लागतो. व्हॉल्व्ह उघडला की तो सुरू होतो आणि दाब भरला की आपोआप थांबतो. तरीही मी आरओचेच पाणी सुचवेन, विशेषतः टाकीत बोअरचे पाणी मिसळत असल्यास, कारण फ्रिजमधला कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास घालवतो, पण क्षार कमी करत नाही.

नळी पाव इंची, फूड ग्रेड प्लास्टिकची घ्यावी. आरओच्या पाण्यासाठी तांब्याची नळी टाळावी, ते पाणी तांबे हळूहळू खाते. नळीला भोक पाडून बसणारा क्लॅम्पचा कॉक स्वस्त मिळतो, परंतु तो चोंदतो आणि गळतो. टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून स्वतंत्र बॉल व्हॉल्व्हच लावावा. नळीचे टोक धारदार पात्याने काटकोनात कापावे, तिरके कापले की पुश फिटिंगमध्ये (नळी नुसती दाबून बसवायच्या सांध्यात) हमखास गळती होते. फ्रिजमागे नळीची दोन-तीन वेटोळी सैल ठेवल्यास सफाईसाठी तो पुढे ओढता येतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. सिंकपासून फ्रिज खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. एवढ्या लांब नळी नेल्यास चालेल का?

उत्तर: होटगी रोड
पंप असल्यास घरातल्या घरात तेवढे अंतर अडचणीचे नाही. नळी मधल्या सांध्याशिवाय अखंड न्यावी आणि दाराच्या फटीत दबू देऊ नये. फ्रिजला जोडण्यापूर्वी नळीचे मोकळे टोक बादलीत सोडून काही लिटर पाणी वाहू द्यावे, नंतरचा पहिला बर्फ टाकून द्यावा. गावाला जाताना बॉल व्हॉल्व्ह, पंप आणि आइसमेकर ही तिन्ही बंद करावीत.